नवरदेवाची बिरजीस

२ एप्रिल, बुध.
सगळं फिरलं ते आज दुपारी, एका गिऱ्हाइकाच्या मांडीभोवती टेप धरून मी खाली गुडघ्यावर बसलो होतो तेव्हा.

गिऱ्हाईक म्हणजे लिंबागणेशकडचे अण्णासाहेब आहेत ना, त्यांचा रणजित. गाडी थेट मामाच्या शिवणाच्या दुकानाच्या पायरीला लावली. म्हणला, "मास्तर, ब्रीचेस शिवायची. घोड्यावर बसायची पँट." मामाची कॉलर ताठ. "बिरजीस म्हणा की. आमच्या वडलांनी निजामाच्या रिसाल्याला, घोडदळाला शिवल्यात." (रिसाल्याला की रिसालदाराच्या नोकराला, हे दरवेळी बदलतं. मामाने स्वतः आजवर एकही शिवलेली नाही.)

बिरजिशीचं माप बसलेल्या माणसाचं घ्यायचं म्हणे, उभ्याचं नाही. मामाने त्याला बाकावर दोन्हीकडं पाय टाकून बसवलं, घोड्यावर बसवावं तसं. मी टेप लावला. तेवढ्यात त्याचा फोन. "रंगाचं मला कावून विचारता? नेकनूरला लावा, पल्लवीला विचारा. तिला शालूच्या काठाला मॅचिंग पाहिजे."

नेकनूरला पल्लव्या काय कमी आहेत? असं मनात म्हणेपर्यंत मामाने विचारलं, "कुणाची पोरगी?" अन् त्यानं सांगितलं.

"किती भरली?" मामा. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. "बे, मांडी हाय का मंडपाचा खांब?" रणजित हसला. नीट हसला, टोमणा मारल्यासारखं नाही. परत टेप लावावा लागला. त्याच मांडीला, दुसऱ्यांदा.

लग्न अखितीला, अक्षय्य तृतीयेला.

बाहेर पडताना दार आपटलं. मामा आतून, "दार बापाचं हाय का तुझ्या?" हे रोजचंच. दार जुनं, लाकडी. आपटलं की वरून माती गळते.

३ एप्रिल, गुरु.
इथून पुढं नुसतं प. लिहिणार. पूर्ण नाव त्याच्या तोंडून ऐकलं, आता माझ्या हातानं लिहवत नाही.

नेकनूर–बीड गाडी. ती खिडकीकडं, शेजारी तिची बॅग. मी चढलो की बॅग मांडीवर घ्यायची. दीड वर्ष. एवढंच. बाकी लोकांना वाटतं काय काय झालं असेल. एका वळणावर कुणाच्या तरी शेतात घोडा बांधलेला दिसायचा. ती रोज वाकून बघायची. म्हणायची, एकदा बसायचंय मला. मी म्हणलो होतो, आपल्या लग्नात आणीन. ती म्हणली, "आधी पास तर हो."

कॉलेजमध्ये तिच्यावरून एकजण बोलला. त्याला व्हरांड्यात धरून हाणला. प्राचार्य म्हणले, माफीच्या दोन ओळी लिहून द्या अन् वर्गात बसा. मी कागद त्यांच्या टेबलावर फाडला. आलो निघून. सेकंड इयर अर्धं. बाबांनी मामाकडं चौसाळ्याला पाठवलं, मशीन शिक म्हणले.

स्टँडवर प. शेवटचं बोलली. "दोन ओळीच लिहायच्या होत्या रे." मी म्हणलं, तुझ्यासाठीच हाणला ना त्याला? ती म्हणली, "माझ्यासाठी न्हाई. तुझा राग पहिला, मी त्याच्यामागं."

त्यानंतर माझा नंबर तिनं बंद करून टाकला.

६ एप्रिल, रवि.
मामाने जुन्या खाकी कापडाची कच्ची बिरजीस केली, मापाला. मांडीला फुगा, गुडघ्याखाली आवळ, पोटरीला बटणं. भिंतीला टांगली तर बिनमाणसाचे पाय वाटतात. दिवसभर माझ्या डोक्यावर हलत होते.

८ एप्रिल, मंगळ.
रणजित (आता नुसता र.) आला. कच्ची घालून बाकावर बसला, लगेच उठला. "मास्तर, आतली शिवण काढा की. तिथं शिवणच नको." मामाने साध्या पँटीसारखी मांडीच्या आतून शिवण घेतली होती. बिरजिशीला आतून एकच अखंड तुकडा लागतो, शिवण फिरवून बाहेरच्या अंगाला न्यायची. मामा म्हणला, "मला माहीत हाय, कच्चीत तशीच घेत्यात." काय बी.

र. बोलत बसला. मागं जीन्सवर बसला होता तर मांडी सोलून निघाली. "माझं जाऊ द्या. घोडीला टोचतं. ती नाचकाम शिकलेली हाय, लगाम नावाला. सगळं पोटरीवर चालतं. पोटरी नुसती दाबली की ती समजती." लग्नात बूट नाही, मोजडी घालणार. खोगीर आखूड. म्हणजे गुडघ्याखाली त्याचा पाय अन् घोडीचं अंग, मधी फक्त आमचं कापड. त्यावर पायाच्या आतल्या अंगाला, घोडीकडून, मऊ चामड्याचा पट्टा, पोटरीपर्यंत.

मला कोल्ड्रिंक पाजलं. "भावा, तू कुठपर्यंत शिकलास?" म्हणला. सांगितलं. "मग सोडलं कावून?" मी म्हणलं, मन लागंना. पुढं विचारलं नाही त्यानं. चांगलं वागतो. त्याचाच जास्त राग येतो.

११ एप्रिल, शुक्र.
त्यांच्या मळ्यावर गेलतो. बसलेलं माप घोडीवरच बघायचं असं मामाचं आता ठरलंय. मामाला ऊन सोसत नाही, मला पाठवलं.

घोडी म्हणजे हरणी. पांढरी नाही, दुधात चहा सांडल्यासारखी. कान सारखे हलतात. तिचं सगळं इब्राहीमचाचा बघतात. म्हातारा माणूस, डावा पाय ओढत चालतो. खोगीर टाकायच्या आधी त्यांनी खालच्या घोंगडीवर तळहात फिरवला. मग पालथी करून परत. मग खोगिराच्या खालून. मग पट्ट्यावर. इतका सावकाश, की मला कंटाळा आला.

मी म्हणलं, "चाचा, काय हुडकताव?"
"सराटा."

शेतात चपलेला लागतो तो काटा. त्यांनी एक काढून दाखवला, बाजूला टोपल्यात टाकला. मग आपल्या पायाकडं बोट. "हे सराट्यानंच केलं. इत्तासा व्हता. घोंगडीत. मी बसलो, तो आत घुसला, अन् ही दोन पायांवर उभी. वर बघतो तर आभाळ, खाली बघतो तर दगड." हसले. "तिची चुकी न्हाई. जनावराला काय माहीत आपल्या अंगात काय घुसलं."

र. म्हणला, "चाचा वाचले नशिबानं. उताणी पडली असती ती अंगावर तर?"

खुराच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नव्हतं मला. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. इत्तासा.

१२ एप्रिल, शनि.
काही नाही. दिवसभर काज केले. वावटळ आली, सगळ्या चिंध्या रस्त्यावर.

१७ एप्रिल, गुरु.
प. आली.

तिची काकू संगं होती, फॉल-पिको अन् शालूच्या काठाचा तुकडा रंग दाखवायला. काकू मामासोबत बोलत बसली. प. माझ्या मशीनपाशी उभी राहिली. केस तसेच. हातात नवीन घड्याळ.

"इथं असतोस का आता."
"तुला माहीत होतं."
"व्हय. माहीत होतं."

मी मशीन चालू ठेवली, रिकामीच, आवाजासाठी. विचारलं, घरच्यांनी जबरदस्ती केली का. म्हणलं, सांग फक्त. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, सुईकडं बघितलं. "न्हाई. विचारलं होतं मला. मी हो म्हणले."

"कावून?"

तिनं घड्याळाचा पट्टा सारखा केला. मग म्हणली, "तो चिडत न्हाई रे."

काकूने हाक मारली. प. मोठ्यानं म्हणली, "काठ नीट बघून घ्या, मास्तर." मला. मास्तर.

ती गेल्यावर मामा म्हणला, "वळखीची का?" मी म्हणलं, गाडीत असायची. मामा म्हणला, "सुई मोडलीस तू. दोरा नव्हता तिच्यात."

तो चिडत नाही. पोटरी दाबली की जनावर समजतं अन् माणूस चिडत नाही. लई भारी.

१८ एप्रिल, शुक्र.
मी चिडतो. हो.

२० एप्रिल, रवि.
खरी बिरजीस तयार. मोतिया रंग, पायाच्या आतल्या अंगाला चामडं. मळ्यावर ट्रायल. चाचांनी तिच्यावरही तळहात फिरवला, आतून बाहेरून, पोटरीच्या पट्ट्यावर तर दोनदा. "साफ हाय." मगच र. ला घालू दिली.

बसला. हलगीवाला आणला होता. हरणी नाचली. मान वाकडी करून, एकेक पाय उचलून, जागेवरच. र. चे हात जवळजवळ मोकळे. सगळं पोटऱ्यांनी. मी बघत राहिलो. एवढ्या मोठ्या जनावराला एवढंसं दाबलेलं कळतं. मग त्याच्यापेक्षा जास्त टोचलं तर

खाली उतरून म्हणला, चामडं दोन बोटं खाली घ्या, पट्टा पोटरीवर अजून यायला पाहिजे. म्हणजे पट्टा उसवून परत लावायचा. मामाला बारीक टाका दिसत नाही, म्हणजे काम माझं.

"भावा, बसतो का एकदा?" मला. मी नाही म्हणलं. लगाम धरायला दिला. हरणीनं माझ्या खांद्यावर ओठ टेकवले. गरम. चाचा म्हणले, "तिला आवडलास तू. ती असं कुणाला करत न्हाई."

"वरातीत माझ्या शेजारीच नाचायचं हं," र.

चपलेला सराटे लागलेले होते. घरी येऊन काढले. टाकले नाहीत.

२२ एप्रिल, मंगळ.
झालं.

सगळं इथं लिहायचं नाही. पट्टा उसवला, दोन बोटं खाली घेतला. मामा चहाला गेलता. उजव्या पोटरीला, चामड्याच्या पाठीमागं. आतून जाड कापडाची दुहेरी चकती, म्हणजे त्याच्या अंगाला लागणार नाही. टोक बाहेर, घोडीकडं. नुसता हात फिरवला तर काहीच लागत नाही. दाबलं तरच. माझ्या हातावर दाबून बघितलं. रक्ताचा थेंब, मोहरीएवढा.

टाके इतके बारीक मी आजवर घातले नव्हते. मामा आला, चष्म्यातून बघितलं, म्हणला, "आता हात बसला बरं का तुझा." पाठीवर थाप.

२३ एप्रिल, बुध.
मामाने इस्त्री केली. इस्त्री उजव्या पोटरीवर आली तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर. परत आलो तर घडी घालून झाली होती. कागदात बांधली. स्वतः नेऊन दिली मळ्यावर, फेटा बांधून गेला. चाचा तिथं नव्हते, बाजाराला गेलते. त्यामुळं तळहात कुणी फिरवला नाही.

भूक लागली आज. बऱ्याच दिसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

२५ एप्रिल, शुक्र.
र. चा फोन. "भावा, घालून बघितली घरात. अंगाचीच वाटती. आता घोडीवर घालत न्हाई, मळंल. थेट वरातीत." थँक्यू म्हणला. दोनदा.

मी म्हणलं, बरं.

पडेल. लोकांसमोर पडेल. फेटा एकीकडं, नवरदेव एकीकडं. हसतील. मग चिडतो का नाही ते बघू. एवढंच पाहिजे मला. बाकी काही नाही.

(वर आभाळ, खाली दगड. हे चाचांचं वाक्य. कालपासून जात नाही डोक्यातून.)

२७ एप्रिल, रवि.
चाचा दुकानात. लग्नासाठी सदरा शिवायचा, उशिरा सुचलं म्हणले. मामाने उद्या देतो म्हणून सांगितलं. माप मी घेतलं. डाव्या खांद्याकडं झुकलेलं माणूस, सदऱ्याची एक बाजू लांब ठेवावी लागते.

मी विचारलं, वरातीत तुमी कुठं असणार.

"मी पुढं. लगाम धरून. डॉल्बी नको म्हणलंय मी, हलगीच. तरी गर्दी व्हईल. ती माझ्या आवाजावर ऱ्हाती."

पुढं म्हणजे तिच्या पुढच्या दोन पायांच्या खाली. ती उभी राहिली तर खाली यायची जागा तीच. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं. र. अन् घोडी एवढंच डोळ्यापुढं होतं.

म्हणलं, "चाचा, तुमच्या पायानं कशाला चालताव? कुणी पोरगं धरंल की."

"पोरगं सोडून पळंल." मग माझ्याकडं बघत राहिले. "तुला कावून घाम आला बे?"

ऊन लई हाय म्हणलं.

सदरा मी एकट्यानं शिवला. पांढरा.

२८ एप्रिल, सोम.
मळ्यावर जायचं, काहीतरी कारण काढून बिरजीस मागायची, परत आणायची. सकाळी ठरवलं. मोटारसायकल काढली. मळ्याच्या वळणापर्यंत गेलो. तिथं त्यांचं बॅनर लागलेलं. र. चा फोटो अन् प. चा. प. हसतेय. फोटो काढताना माझ्यासमोर कधी असं हसली नाही, दात झाकायची.

गाडी वळवली. परत आलो. दार आपटलं. माती पडली ती मामाच्या चहात. मामाने कप उलटा केला, दुसरा घेतला.

चाचा बाजूला उडी मारतील. त्यांना सवय हाय.

लंगडा माणूस उडी कशी मारतो

२९ एप्रिल, मंगळ.
हॉटेलवर प. चा चुलतभाऊ भेटला, पिंट्या. शाळेत माझ्या वर्गात होता. पत्रिकांची शेवटची फेरी करत होता. सगळी तयारी सांगायला लागला, मंडप, जेवण, फटाके. मी ऐकत होतो अन् ऐकत नव्हतो. मग म्हणला, "अन् वरात तर बघच. दोघं एकाच घोडीवर. नवरी पुढं, दाजी मागं."

मी म्हणलं, कोण पुढं?

"आमची पल्लवी की. दाजी म्हणले व्हते नवरीला गाडी सजवू. ही म्हणली, न्हाई, मी घोडीवर बसणार. लहानपणापासून खूळ हाय तिला. मळ्यावर जाऊन बसून बी बघितली म्हणं दोनदा. दाजी मागून धरणार."

चहा सांडला. पिंट्या म्हणला, "ध्यान कुठं हाय तुझं?"

मी उठून आलो. पैसे दिले का नाही आठवत नाही.

ती पुढं. तो मागं. पोटरी त्याची. चाचा खाली. हरणी उभी राहील तेव्हा आधी मागचा घसरतो की पुढची? पुढच्याला धरायला काही नसतं. शालू, दागिने, गर्दी.

मी म्हणलो होतो, आपल्या लग्नात घोडा आणीन. आणला की. मीच आणला.

तिकडं फोन करायचा होता. केला नाही. उद्या सकाळी जाईन असं ठरवून झोपलो.

३० एप्रिल, बुध. अखिती.
सकाळी गेलो नाही. का, ते लिहितो, म्हणजे मला तरी कळंल. अंघोळ केली, कपडे घातले, किल्ली घेतली, अन् डोक्यात आलं: तो चिडत न्हाई रे. तसाच बसलो मशीनवर. बसूनच राहिलो. जेवण नाही. मामा-मामी बारालाच गेले, मामा नव्या फेट्यात. "तू ये मागून," म्हणला. "आपलं काम लोक बघत्याल. तू असायला पाहिजे."

लग्न मळ्यावरच, पाचच्या मुहूर्तावर. वरात नंतर लगेच, उजेड आहे तोवर, व्हिडिओसाठी.

आत्ता चार वाजून गेलेत.

र. ला फोन लावला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला, पाठीमागं हलगी. "कोण? टेलर? अहो दादा आत हायेत, कपडे चढवायलेत." मी म्हणलं, त्याला द्या, अर्जंट हाय. "सगळ्यांचंच अर्जंट हाय आज." ठेवला. परत लावला तर उचलत नाही. मामाला लावला. मामाचा फोन इथंच वाजला, गल्ल्याच्या फळीखाली, चार्जिंगला. पिंट्याचा बंद. प. चा नंबर पाठ आहे. लावला. लागत नाही, तिच्याकडं माझा बंदच आहे.

म्हणजे स्वतः जावं लागतंय.

खोटं काय सांगता येईल याचा विचार केला. शिवण सुटली, दोन टाके घालतो, पाच मिनिटं द्या. नवरदेव सजून बसल्यावर त्याच्या पायातली बिरजीस काढा म्हणायचं. सगळे भाऊबंद भोवती. चाचा विचारतील, कशाची शिवण? अन् चाचा हात पुढं करतील, तळहात. ते फिरवणार नाहीत आता. दाबून बघतील. माझ्या तोंडाकडं बघूनच दाबतील.

मग काय होईल ते मला माहीत आहे. तिथनं माझ्या पायानं परत येता येईल असं वाटत नाही. र. चिडत नसेल. बाकीचे चिडतात. त्यांच्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं, हे मला चांगलंच ठाऊक आहे.

अन् न गेलो तर कुणाला कळणार? घोडी बिचकली म्हणतील. जनावर हाय, फटाके होते. बिरजीस फाटून जाईल, मातीत जाईल. मामासुद्धा म्हणेल, बघ, आपली शिवण न्हाई उसवली. मी इथं मशीनवर बसलेला असेन, काज करत.

हे लिहितोय अन् बाहेर वावटळ उठली आहे. पत्रा वाजतोय.

खाकी कच्ची अजून भिंतीवर आहे. आतली शिवण काढून मी ती नंतर दुरुस्त केली होती, सरावाला. बसायला बरोबर आहे, दिसायला गचाळ. नवरदेवानं ती घालावी म्हणजे लोक हसतील. हसू द्या. ती काढली खुंटीवरून, घडी घातली. टाके उसवायची टोकदार उसवणी खिशात टाकली. खिशात उघडी ठेवू नये म्हणून टोकाला दोरा गुंडाळला.

एक मात्र खरं लिहून ठेवतो. मी तिथं पोचलो, अन् ती शालूत दिसली, अन् त्याचा हात तिच्या कमरेला दिसला, तर माझं डोकं जाग्यावर राहीलच असं मला सांगता येत नाही. आत्ताचं हे मन ह्या पाच-सात मिनिटांपुरतं आहे. रस्ता अर्ध्या तासाचा आहे. मधी ते बॅनर आहे.

दोन ओळीच लिहायच्या होत्या रे.

तोंडानं बोलायच्या आहेत आता, मंडपात, सगळ्यांपुढं. पहिली ओळ काय ते जमलंय. "बिरजीस काढा, तिच्यात सराटा हाय." दुसरी, कुणी ठेवला ती. ती तोंडात येईपर्यंत जाऊन पोचायचं.

लाईट गेली. तसंच जातो. हलगीचा आवाज इथपर्यंत येणं शक्य नाही, तरी येतोय असं वाटतंय.

उठलो. वही दप्तरात घेतो, इथं नको. बाहेर पडतो. दार आपटत नाही. दोन्ही हातांनी ओढून, हळू लावून घेतो.